पडद्यावरच्या खोलीत पंखा का नसतो?

नव्या इमारतीच्या माहितीपत्रकातलं दिवाणखान्याचं चित्र एकदा निवांत पाहा. करड्या रंगाचा सोफा, लाकडी फरशी, भिंतभर खिडकी आणि तिच्याबाहेर हिरवी टेकडी. उन्हाचा एक तिरपा पट्टा थेट सोफ्याच्या पायाशी आलेला. आता नजर छताकडे न्या. पंखा नाही. भिंतीवर स्विचबोर्ड नाही, खिडकीला गज नाहीत, डासांची जाळी नाही, एसीची तांब्याची नळी कुठून बाहेर पडते याचा पत्ता नाही. अकोल्यात किंवा नाशकात एप्रिल महिन्यात या खोलीत कुणाला तासभर बसवणार नाही. तरीही हे चित्र पाहून माणसं आयुष्यभराची पुंजी गुंतवतात. उजेड खरा वाटतो, पडद्याच्या कापडाची वीण खरी वाटते, काचेतलं प्रतिबिंब खरं वाटतं, म्हणून खोलीही खरी वाटते.

संगणकावर खोल्या उभ्या करायचं काम मी बरीच वर्षं करतो आहे. या कामाच्या साधनांनी गेल्या साठ वर्षांत काय मिळवलं आणि काय अजून मिळायचं आहे, याचा हिशेब मांडावा असं फार दिवस मनात होतं. माझं मत आधीच सांगून टाकतो. उजेडाचा प्रश्न सुटला आहे. पृष्ठभागाचा जवळपास सुटला आहे. घराचा मात्र सुटलेला नाही. घराला त्याची मापं असतात, वस्तू असतात, वापराच्या खुणा असतात, आणि हे ज्ञान सॉफ्टवेअरसोबत आपोआप येत नाही. कुणीतरी टेप हातात घेऊन, मोजून, विचारून ते आत घालावं लागतं. आपल्या घरांच्या बाबतीत हे काम फारच थोडं झालं आहे.

साधनांचा इतिहास लांबवत नाही. १९६३ साली अमेरिकेतल्या एमआयटीत आयव्हन सदरलँड यांनी ‘स्केचपॅड’ केलं आणि पडद्यावर प्रकाशलेखणीने रेघ ओढता येऊ लागली. १९८२ साली ‘ऑटोकॅड’ आलं आणि ड्रॉइंग बोर्ड टेबलावरच्या संगणकात शिरला. पण रेघ ही रेघच होती. दोन समांतर रेघा म्हणजे भिंत, हे फक्त काढणाऱ्याला माहीत होतं. बुडापेस्टच्या ‘ग्राफिसॉफ्ट’ने त्याच दशकात संगणकाला भिंत भिंत म्हणून ओळखायला शिकवलं. २००० साली आलेल्या ‘रेव्हिट’ने ते पुढे नेलं: एक दार सरकवलं की प्लॅन, सेक्शन आणि दारांची यादी तिन्ही ठिकाणी ते सरकतं. त्याच वर्षी ‘स्केचअप’ आलं. जमिनीवर चौकोन काढायचा आणि तो वर ओढायचा, की खोली तयार. माझ्या ओळखीचे दोन सुतार आज यात स्वतः कपाटं काढतात, यावरून ते किती सोपं आहे ते कळावं.

‘ब्लेंडर’ची गोष्ट मात्र थोडी थांबून सांगायला हवी. २००२ साली त्याची कंपनी बंद पडली. टॉन रोझेंडाल या मूळ कर्त्याने वापरणाऱ्यांकडेच हात पसरला: १ लाख युरो जमले तर गुंतवणूकदारांकडून हक्क सोडवून घेऊ आणि सॉफ्टवेअर सगळ्यांना खुलं करू. सात आठवड्यांत पैसे जमले. आज एखाद्या तालुक्याच्या गावी जुन्या संगणकावर शिकणाऱ्या मुलीला मोठ्या स्टुडिओत वापरतात तेच साधन फुकट मिळतं, ते त्या सात आठवड्यांमुळे. पुढे ज्या कामाविषयी मी लिहिणार आहे ते कुणी करायचं ठरवलं, तर साधनाच्या किमतीची अडचण उरलेली नाही.

इमारत बाहेरून दाखवणं तुलनेने सोपं असतं. सूर्य आहे, आकाश आहे, सावल्या पडतात. खोलीच्या आत तसं नसतं. ऊन एका खिडकीतून येतं, फरशीवर पडतं, फरशीवरून छताला लागतं, छतावरून भिंतीला, भिंतीवरून पलंगाखाली. पलंगाखालची ट्रंक आपल्याला दिसते ती तिसऱ्या-चौथ्या परावर्तनातून. पांढरी भिंत अंगावर पडलेल्या उजेडातला साधारण ८० टक्के परत फेकते. म्हणजे पाच टप्प्यांनंतर सुमारे एक तृतीयांश आणि दहा टप्प्यांनंतरही एक दशांश उजेड शिल्लक असतो. हिशेब दोन टप्प्यांवर थांबवला की कोपरे काळवंडतात आणि खोली गुहेसारखी दिसते. एके काळी आम्ही ते झाकायला सीनमध्ये लपवलेले दिवे लावायचो, सोफ्यामागे एक, दारावर एक. चित्र उजळायचं, पण सावल्या एकमेकींशी जुळायच्या नाहीत. पाहणाऱ्याला कारण सांगता येत नसे, तरी काहीतरी चुकलं आहे हे त्याला जाणवायचं.

या कोड्यावरचा पहिला मोठा तोडगा १९८४ साली कॉर्नेल विद्यापीठात निघाला. गोराल, टॉरन्स, ग्रीनबर्ग आणि बॅटेल या चौघांनी उष्णता एका पृष्ठभागावरून दुसऱ्यावर कशी जाते याचं अभियंत्यांचं गणित उचललं आणि उजेडाला लावलं. पडताळ्यासाठी कॉर्नेलच्या मंडळींनी रंगीत भिंतींची खरीखुरी पेटी वापरली. पेटीचं दृश्य आणि संगणकाचं चित्र शेजारी ठेवून पाहिलं. पुढे रूढ झालेल्या नमुन्यात पेटीची एक भिंत लाल, दुसरी हिरवी आणि बाकी सगळं पांढरं असतं. लाल भिंतीजवळची पांढरी जमीन किंचित लालसर दिसते का, ही खरी परीक्षा. चाळीच्या गॅलरीत लाल लुगडं वाळत घातलं की शेजारच्या चुन्याच्या भिंतीवर जी लाली चढते, तीच ही. ज्याने ती पाहिली आहे त्याला या शोधाचं मोल वेगळं सांगायला नको.

१९८६ साली जेम्स काजिया यांनी सगळ्या परावर्तनांना पोटात घेणारं एक समीकरण मांडलं आणि ते किरण यादृच्छिक दिशांना सोडून सोडवायची वाट दाखवली. आजची बहुतेक रेंडर इंजिनं, म्हणजे मॉडेलवरून चित्र काढणारे प्रोग्रॅम, त्याच वाटेवर आहेत. वाट बरोबर, पण खर्चिक. किरण कमी पडले की चित्रावर रवाळ ठिपके उमटतात, आणि ते ठिपके निम्मे करायचे तर किरण चौपट लागतात. रात्री रेंडर लावून घरी जायचं आणि सकाळी येऊन बघायचं, हा आमच्या पिढीचा दिनक्रम या एका नियमातून आला. बल्गेरियातल्या सोफिया शहरात तयार झालेलं ‘व्ही-रे’ २००२ पासून या धंद्याचा कणा झालं. २०१८ साली किरणांचा पाठलाग करण्यासाठीच बनवलेले भाग असलेली ग्राफिक कार्डं आली. त्याच सुमारास ठिपके पुसायला शिकलेले प्रोग्रॅम आले. २०२२ च्या ‘अनरिअल इंजिन ५’ मध्ये तर खोलीत चालता चालता पडदा सारला की उजेड त्याच क्षणी बदलतो. उजेडाचा प्रश्न सुटला असं मी म्हणतो ते यासाठी.

यातली एक वेगळी परंपरा फार कमी लोकांना माहीत आहे. बर्कली इथल्या प्रयोगशाळेत ग्रेग वॉर्ड यांनी १९८५ पासून ‘रेडियन्स’ नावाचा प्रोग्रॅम लिहायला घेतला. तो चित्र तर देतोच, वर आकडेही देतो: या बाकावर सकाळी किती लक्स उजेड पडेल, फळ्यावर झळाळी येईल का. शाळेची खोली बांधण्याआधी हे कळणं आणि सोफ्याचं सुंदर चित्र मिळणं यांत मला पहिलं कितीतरी मोठं वाटतं.

पण उजेडाचं गणित कितीही अचूक असलं तरी आपण कुठे आहोत हे त्याला सांगावं लागतं. ‘स्केचअप’ अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातल्या बोल्डर गावी जन्मलं, आणि नव्या फाइलचं मूळ ठिकाण बोल्डर असंच ठेवलेलं असतं. ते न बदलता, उत्तर दिशा न फिरवता पुण्यातला फ्लॅट काढला की काय होतं ते आकड्यांत पाहा. बोल्डर ४० अक्षांशावर, पुणे साडेअठरावर. २१ डिसेंबरला भर दुपारी बोल्डरचा सूर्य क्षितिजापासून साडेसव्वीस अंशांवर असतो, पुण्याचा ४८ वर. खिडकीची वरची कड ७ फुटांवर असेल, तर दक्षिणेच्या खिडकीतून बोल्डरला ऊन १४ फूट आत येतं, म्हणजे खोली ओलांडून समोरच्या भिंतीला भिडतं. पुण्यात ते सव्वासहा फुटांवर थांबतं. आणि २१ जूनला दुपारी पुण्याचा सूर्य डोक्यावरून थोडा उत्तरेला कललेला असतो, जे बोल्डरमध्ये कधीच घडत नाही. माहितीपत्रकातला सोफ्यापर्यंत आलेला तो तिरपा पट्टा बऱ्याचदा असा परका सूर्य असतो. ते चित्र पाहून कुणी दक्षिणेची खिडकी मोठी करून घेतं, कुणी पश्चिमेकडे झोपायची खोली घेतं, आणि मे महिन्यात त्या घरात राहायची वेळ येते. ठिकाण आणि उत्तर दिशा भरायला दोन मिनिटं लागतात. शिकवणीच्या पहिल्या दिवशी मी आधी तेवढंच शिकवतो.

पृष्ठभागाविषयी. जगात कुठलीही कड सुरीसारखी धारदार नसते. प्लायवूडच्या कपाटाची कड, ओट्याचा कडप्पा, दाराची चौकट, प्रत्येकीला मिलिमीटर-दोन मिलिमीटरची गोलाई असते आणि तिथे उजेडाची एक बारीक रेघ चमकते. संगणकाची कड जन्मतः अगदी टोकदार असते. ती कड मोडणं, ज्याला बेव्हल म्हणतात, हे नवख्या आणि मुरलेल्या माणसाच्या कामातलं पहिलं अंतर. दुसरं अंतर खरखरीतपणात दिसतं. डिस्नेच्या ब्रेंट बर्ली यांनी २०१२ साली पदार्थांचं वर्णन मोजक्या, समजण्याजोग्या मापांत बसवलं, आणि आता बहुतेक सगळी सॉफ्टवेअरं रंग, खरखरीतपणा, धातुपण अशा सरकपट्ट्यांनी पदार्थ घडवतात. तीच शहाबादी फरशी दारापासून मोरीपर्यंतच्या येण्याजाण्याच्या वाटेवर गुळगुळीत झालेली असते आणि पलंगाखाली तशीच खरबरीत राहिलेली असते. रंग दोन्हीकडे एकच. हा फरक एका राखाडी चित्राने सॉफ्टवेअरला सांगता येतो, पण आधी तो कुणीतरी वाकून पाहिलेला असावा लागतो.

गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांत काचेऐवजी शिंपल्यांच्या चपट्या, अर्धपारदर्शक चकत्या बसवलेल्या असतात. त्यांतून आत येणारा उजेड दुधाळ असतो. त्याला दिशा नसते, सावलीला कड नसते. अशी खिडकी मॉडेल करायला मला एकदा आठवडा लागला. काचेची सेटिंग लावली तर फारच साफ दिसे, मेणाची लावली तर मेलेली दिसे. शेवटी प्रत्येक चकतीची जाडी थोडी थोडी बदलली, मधला भाग पातळ आणि कडा जाड केल्या, तेव्हा खोलीत तो उजेड उतरला. साधनात हे सगळं होतंच. तयार पदार्थांच्या यादीत शिंपली तेवढी नव्हती.

सगळ्यात मोठी उणीव याद्यांचीच आहे. तपशीलवार खोली उभी करणारा माणूस प्रत्येक वस्तू स्वतः घडवत नाही. वेळ कुठे असतो? तो तयार मॉडेलांच्या भांडारातून उचलतो. भांडारात जे आहे तेच खोलीत येतं. ‘आयकिया’ने २००६ साली ‘बर्टिल’ नावाच्या लाकडी खुर्चीचं पहिलं संगणकीय चित्र कॅटलॉगात छापलं, आणि २०१४ च्या सुमारास त्यांच्या वस्तूंची तीन चतुर्थांश चित्रं संगणकावर तयार होत होती. त्यासाठी त्यांनी छायाचित्रकारांना मॉडेलिंग शिकवलं आणि मॉडेलिंगवाल्यांना छायाचित्रण. कामाची ही पद्धत मला मनापासून आवडते. पण परिणाम असा की उत्तर युरोपातल्या बैठकीच्या खोलीचं सगळं सामान हव्या त्या तपशिलात हाताशी आहे, आणि आपल्याकडचं शोधायला गेलं की हाती फारसं लागत नाही. भांड्यांची मांडणी, फडताळ, पाट, पितळेचे डबे, कडीचा झोपाळा, देव्हारा, कोनाडा, खुंटी, मोरीतला हंडा, गॅसचं सिलिंडर, गोल पिनांचं सॉकेट, छताचा ४८ इंची पंखा. यातलं काही कुठेतरी सापडतं, पण माप चुकलेलं असतं, नाहीतर सजावटीच्या दुकानातल्या वस्तूसारखं निर्जीव. काम उद्या द्यायचं असतं. मग पंखा राहून जातो आणि सोफा येतो. चित्र पाहणाऱ्यालाही हळूहळू वाटू लागतं की चांगल्या घरात पंखा दिसता कामा नये. त्यातून खऱ्या घरात फॉल्स सीलिंग होतं, ते खाली येतं, पंख्याचा दांडा आखूड होतो आणि हवा लागेनाशी होते. हे मी साइटवर अनेकदा पाहिलं आहे.

मापांचंही तेच. एर्न्स्ट नॉयफर्ट यांचा १९३६ सालचा जर्मन ग्रंथ आजही खोल्यांच्या आणि सामानाच्या मापांचा आधार आहे. त्यातला देह युरोपीय, आणि तो खुर्चीवर बसतो. भारतीय देहांची मापं घेऊन देबकुमार चक्रवर्ती यांचं पुस्तक अहमदाबादच्या एनआयडीने १९९७ साली काढलं, ज्यात मांडी घालून बसलेल्या, उकिडव्या बसलेल्या माणसांचाही विचार आहे. सॉफ्टवेअरमध्ये उभा करायचा माणूस मात्र अजून पहिल्या ग्रंथातलाच असतो. त्यामुळे कॅमेराही साडेपाच फुटांवर लागतो. जपानी दिग्दर्शक यासुजिरो ओझू तातामीवर बसणाऱ्या घरात कॅमेरा खाली आणत, हे सिनेमा पाहणाऱ्यांना ठाऊक आहे. वाड्याच्या माजघराचं रेंडर एकदा पाटावर बसलेल्या माणसाच्या नजरेतून, अडीच फुटांवरून लावून पाहा. कोनाडे बरोबर हाताच्या उंचीवर येतात, खिडकीची खालची कड डोळ्यांसमोर येते, तुळया उंच जातात. उभ्या नजरेला ठेंगणी वाटणारी ती खोली त्या क्षणी प्रशस्त होते. ती त्याच नजरेसाठी बांधलेली असते.

अलीकडे कुणी म्हणेल, मोजायची गरजच काय, स्कॅन करा. लेझर स्कॅनर खोलीच्या मधोमध उभा केला की काही मिनिटांत लाखो बिंदू टिपतो. २०२० पासून काही महागड्या फोनमध्येही लिडार आहे. खोलीत फिरलं की भिंती, दारं, खिडक्यांचा आराखडा तयार होतो. या साधनांचं मी मनापासून स्वागत करतो. गुजरातमधल्या पाटणच्या राणी की वावचं २०११ साली झालेलं स्कॅन याच जातीचं काम आहे, आणि जमिनीत उतरत जाणारी ती वास्तू टेपने मोजायची म्हटलं तर वर्षं गेली असती. पॅरिसच्या नोत्र दामचं उदाहरण तर सर्वतोमुखी आहे. कलेतिहासकार अँड्र्यू टॅलन यांनी आतून बाहेरून शंभर कोटींहून जास्त बिंदू टिपले होते. २०१९ साली चर्चला आग लागली तेव्हा ते हयात नव्हते, पण त्यांची मापं होती. याच चर्चच्या छताखालच्या लाकडी सांगाड्याची २०१४ साली रेमी फ्रोमाँ आणि सेद्रिक ट्रांतेझो या दोन वास्तुविशारदांनी मापं घेऊन तपशीलवार रेखाटनं केली होती. जळालेला सांगाडा पुन्हा उभा करताना त्यांचाही मोठा आधार झाला. सांध्याची खाच कुठे आहे, कुठलं लाकूड कशावर बसलं आहे, हे माणसाने समजून काढलेलं असतं. बिंदूंच्या ढगाला तुळई आणि तिच्यावरचं जळमट सारखंच दिसतं.

२०२० पासून छायाचित्रांवरून खोली उभी करणाऱ्या नव्या रीती आल्या; २०२३ च्या ‘गॉशियन स्प्लॅटिंग’ने तर फोनवर घेतलेल्या चित्रफितीवरून थक्क करणारी दृश्यं मिळतात. आठवण जपायला उत्तम. पण त्यातलं कपाट उघडता येत नाही, भिंत दोन फूट सरकवता येत नाही. शब्द टंकून चित्र काढून देणाऱ्या प्रोग्रॅमांची अडचण आणखी पुढची: तिथे खोलीच नसते, नुसतं खोलीचं चित्र असतं. सुताराला ते दाखवलं की तो पहिला प्रश्न विचारतो, ‘साइज काय?’ उत्तर नसतं. आणि ते प्रोग्रॅम शिकले आहेत त्याच चित्रांवरून, म्हणून पंखा तिथेही गायब.

आता हरवलेल्या खोल्यांविषयी, कारण माझ्या मते या साधनांचं सगळ्यात मोलाचं आणि सगळ्यात जबाबदारीचं काम तिथे आहे. शनिवारवाड्याची पायाभरणी १० जानेवारी १७३० ला झाली. २७ फेब्रुवारी १८२८ ला लागलेल्या आगीत आतल्या लाकडी इमारती जळाल्या. राहिले तट, बुरूज, दरवाजे, जोती आणि कारंज्यांचे हौद. आत फिरणाऱ्या प्रत्येक मुलाचा प्रश्न एकच असतो: इथे काय होतं? संगणकावर वाड्यातला गणेश रंगमहाल उभा करून दाखवावा असं कुणालाही वाटेल. मलाही वाटतं. पण आधार काय? जोत्यावरून खांबांच्या जागा आणि पसारा कळतो. जुन्नरच्या जंगलातलं सागवान, चिंचवडचा दगड आणि जेजुरीच्या पट्ट्यातला चुना वापरला असं सांगितलं जातं, म्हणजे पदार्थ कळतात. १८०७ साली पूर्ण झालेला विश्रामबागवाडा उभा आहे. त्याचे सुरूचे खांब आणि नक्षी पाहून कारागिरीचा अंदाज येतो, पण तो वाडा शनिवारवाड्यानंतर पाऊणशे वर्षांनी झालेला. आणि एक चित्र आहे. १७९० सालच्या तहाच्या वेळचा सवाई माधवरावांचा दरबार, समोर इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेट. हे चित्र टॉमस डॅनियलने १८०५ साली पूर्ण केलं, जेम्स वेल्सच्या रेखाटनांवरून. वेल्स भारतात आला १७९१ साली. म्हणजे रेखाटनं करणाऱ्याने प्रसंग पाहिला नव्हता. त्याने जागा आणि माणसं नंतर पाहिली. खांबांची महिरप त्यावरून घ्यायची, पण छताची उंची घ्यायची का? चित्रकाराने भव्यतेसाठी ती वाढवली नसेलच असं कसं म्हणायचं?

इथे एक गोष्ट हाताशी आहे, जी कुठल्याही परदेशी ग्रंथात सापडणार नाही. वाड्याचं माप खणात असतं. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण. खोली दोन खणी, तीन खणी, दिवाणखाना त्याहून मोठा. खणाची लांबी ठरते मिळणाऱ्या लाकडाच्या पेलण्यावरून. खण ठरला की तुळईची जाडी, खांबाचा घेर, दाराची रुंदी एकमेकांना बांधलेली येतात. आजची सॉफ्टवेअरं ज्याला पॅरामेट्रिक म्हणतात ते हेच: एक आकडा बदला, बाकी सगळं त्याच्यामागे बदलतं. उभे असलेले वाडे मोजून, खण आणि उंची यांचं नातं काढून तो नियम मॉडेलमध्ये घातला, तर चित्रातल्या छताची उंची पटते की नाही हे तपासता येईल. पेशवे दफ्तरातले हिशेबाचे मोडी कागद वाचणारा जाणकार या कामात जोडीला बसला, तर अंदाज आणखी आवळता येतील.

त्यानंतरही बरंच काही अंदाजाचंच राहील, आणि ते सांगितलं पाहिजे. वास्तुविशारद लुई कान यांनी १९६८ पासून जेरुसलेमच्या हुर्वा सिनेगॉगची रचना केली, जी कधी बांधली गेली नाही. एमआयटीचे केंट लार्सन यांनी तिच्या आतला उजेड संगणकावर दाखवला आणि २००० साली त्याचं पुस्तक केलं. त्यांच्याजवळ वास्तुविशारदाची स्वतःची रेखाटनं होती. आपल्याजवळ रंगमहालाची तशी रेखाटनं नाहीत. २००६ साली संशोधकांनी लंडन सनद तयार केली, तिचा आग्रह हाच आहे: वारसावास्तूच्या संगणकीय दृश्यात पुरावा कुठला, तर्क कुठला आणि तो का केला, हे पाहणाऱ्याला कळलं पाहिजे. रंगमहालाचं मॉडेल मी केलं, तर जोत्यावरून सिद्ध झालेला भाग घट्ट रंगात, विश्रामबागवाड्यावरून घेतलेला फिकट, आणि निव्वळ कल्पनेचा भाग नुसत्या रेघांत ठेवीन. झुंबरांनी झगमगणारं अखंड चित्र दाखवलं की मुलाच्या मनात तेच कायमचं बसतं. ते पुढे निघत नाही.

आणि जे अजून उभं आहे पण लवकरच नसेल, त्याचं काय? मुंबईत वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथल्या बीडीडी चाळी १९२० च्या दशकातल्या. सुमारे १६० चौरस फुटांची खोली, त्यात चार पिढ्या. २०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीतल्या पहिल्या रहिवाशांना ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. माणसांना मोठं घर मिळालं ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण त्या १६० चौरस फुटांत पोटमाळा कसा बांधला, पलंगाखाली काय मावत होतं, पाण्याचं पिंप कुठे, देव्हारा कुठल्या भिंतीला, रात्री अंथरुणं कशी पडत, हे ज्ञान इमारतीसोबत पडतं आहे. अशा खोलीच्या भिंतींचं स्कॅन एका दुपारी होईल. वस्तूंची यादी, त्यांची मापं आणि कुठली वस्तू दिवसाच्या कुठल्या वेळी कुठे जाते, यासाठी तिथे राहिलेल्या माणसाशेजारी बसावं लागेल.

२०१३ साली ‘गॉन होम’ नावाचा एक खेळ आला होता. रिकामं घर, माणूस एकही नाही. खेळणारा खण उघडतो, चिठ्ठ्या वाचतो, वस्तू हातात घेऊन फिरवतो, आणि त्या कुटुंबाची सगळी कहाणी उलगडते. चाळीतली एक खोली याच पद्धतीने, फुकटच्या ब्लेंडरमध्ये, चार विद्यार्थी एका सत्रात उभी करू शकतात. केलेली प्रत्येक वस्तू खुल्या भांडारात ठेवली, तर पुढच्या वर्षीच्या चौघांना मांडणी आणि पिंप पुन्हा घडवावं लागणार नाही.

मागच्या हिवाळ्यात पुण्यातल्या एका वाड्याचं माजघर मोजायला गेलो होतो. वाडा पाडायचं ठरलं होतं. मापं झाली, फोटो झाले. तुळया काळ्या होत्या. मी वहीत ‘जुनं सागवान, काळं’ एवढंच लिहिलं. घरातल्या आजी दारात बसून पाहत होत्या. त्या म्हणाल्या, ‘लाकूड काळं नाही हो, तो धूर आहे. चूल तिथे होती, त्या कोपऱ्यात. तिकडून इकडे बघा, उतरत गेलाय.’ खरंच, चुलीच्या जागेवर तुळई डांबरासारखी होती आणि दाराकडे येता येता तपकिरी होत गेली होती. मी वहीतली ओळ खोडली, पुन्हा शिडीवर चढलो आणि दर हाताला एक असे फोटो घेत चुलीपासून दारापर्यंत आलो.